व्रण हेच औषध

शल्यवैद्याच्या हाताची परीक्षा लोक सामान्यतः व्रणावरून करतात. जखम जितकी लवकर भरून यावी आणि तिची खूण जितकी पुसट राहावी, तितके त्याचे कसब मोठे, असा लौकिक समज आहे आणि तो काही गैर नाही. परंतु १९८७ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या २५ तारखेस अमेरिकेतील सेंट लुईस शहरी, बार्न्स रुग्णालयात, डॉ. जेम्स कॉक्स यांनी एका रुग्णाच्या हृदयाचे वरचे दोन्ही कप्पे आधी ठरवून ठेवलेल्या रेषांवर कापले, कापलेल्या कडा पुन्हा एकमेकींशी शिवून टाकल्या, आणि एवढ्या जोखमीच्या खटाटोपातून त्यांना जे मिळवावयाचे होते ते म्हणजे त्या शिवणींच्या जागी पुढे कायमचे राहणारे व्रणच होत. ज्या व्याधीवर हा उपाय योजला गेला तिच्यात कापून बाहेर काढण्यासारखे काही सापडत नाही. बिघडलेला असतो तो हृदयाच्या विद्युत्‌प्रवाहाचा मार्ग, आणि त्या मार्गाला शिस्त लावण्याचे काम औषधांनी सोडून दिल्यावर ते व्रणांकडे सोपवावे, ही कल्पना वैद्यकाच्या इतिहासात विलक्षणच म्हटली पाहिजे.

ही व्याधी म्हणजे डॉक्टरांच्या बोलीतले एट्रियल फिब्रिलेशन, अथवा त्याहून थोडक्यात एएफ. सोयीसाठी आपण तिला अलिंदकंप म्हणू. हृदयाच्या चार कप्प्यांपैकी वरच्या दोहोंना अलिंद आणि खालच्या दोहोंना निलय म्हणतात, हे शाळेतल्या पुस्तकामुळे बहुतेकांस ठाऊक असते. उजव्या अलिंदाच्या माथ्याशी, वरची महाशिरा जेथे येऊन मिळते तेथे, विशिष्ट पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साठ ते शंभर वेळा त्याच्याकडून विजेचा हुकूम सुटतो, तो दोन्ही अलिंदांवर पसरतो, मग अलिंद आणि निलय यांच्या सरहद्दीवरील दुसऱ्या एका गाठीपाशी क्षणमात्र थांबतो आणि तेथून खाली उतरून निलयांना आकुंचित करतो. सरहद्दीवरची ही गाठ जपानी शास्त्रज्ञ सुनाओ तावारा यांनी जर्मनीत मारबुर्ग येथे राहून १९०६ साली वर्णिली. पहिला पुंजका १९०७ साली इंग्लंडमध्ये उजेडात आला, आणि तोही एखाद्या भव्य प्रयोगशाळेत नव्हे: आर्थर कीथ यांच्या केंट परगण्यातील घरी मार्टिन फ्लॅक नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी मोल या बिळात राहणाऱ्या चिमुकल्या प्राण्याच्या हृदयाचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसला असता त्याच्या दृष्टीस ती रचना पडली. ज्या हुकुमावर आपला जन्मभराचा कारभार चालतो त्याचे उगमस्थान अशा रीतीने सापडावे, ही गोष्ट मोठी मनोरंजक आहे.

अलिंदकंपात हा हुकूम कोणी ऐकत नाही. अलिंदांच्या भिंतीत मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे एवढ्या वेगाने अनेक विद्युत्‌लहरी वाटेल तशा फिरत राहतात, आणि स्नायूंच्या प्रत्येक तुकड्याने आपापल्या लहरीप्रमाणे आकसावयास आरंभ केल्यामुळे अलिंद एकदिलाने आकुंचित होण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. सरहद्दीवरची गाठ त्यांतील बहुतेक लहरी अडवून धरते म्हणूनच माणूस जगतो. तरीही ज्या लहरी तिच्यातून निसटतात त्यांना ना ताल ना क्रम, आणि औषधोपचार नसेल तर निलयांचे ठोके मिनिटाला शंभर-दीडशेच्या घरात, पण पूर्णतया अनियमित पडतात. मनगटावर बोटे ठेवणाऱ्या अनुभवी वैद्याला ही नाडी तत्काळ ओळखू येते, कारण तिच्या अनियमितपणातही नियम सापडत नाही.

मरू घातलेल्या प्राण्यांच्या हृदयाचा अलिंदभाग शेवटी नुसता थरथरतो, हे विल्यम हार्वी यांनी रक्ताभिसरणावरील आपल्या १६२८ सालच्या ग्रंथात नमूद करून ठेवले होते. परंतु अशी थरथर चालत्याबोलत्या माणसाच्या छातीत वर्षानुवर्षे चालू राहू शकते, हे मान्य होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. आइंटहोव्हेन या डच शास्त्रज्ञाच्या यंत्राने हृदयाची वीज कागदावर उमटू लागली, आणि १९०९ साली लंडनच्या थॉमस लुइस यांनी हा विकार दुर्मीळ नसून नेहमीच्या आढळातला आहे असे सप्रमाण दाखवून दिले. लुइस यांचा स्वभाव असा, की कागदावरच्या रेषेने त्यांचे समाधान होईना. तेव्हा अनियमित नाडीचे घोडे शोधून, त्यांचा आलेख घेऊन आणि मग त्यांची छाती उघडून अलिंद खरोखरच थरथरत आहेत याची त्यांनी डोळ्यांनी रुजुवात केली.

या विकाराने पीडित मनुष्याची कैफियत निरनिराळी असते. कोणाच्या छातीत धडधड होते, कोणाला दोन जिने चढताच दम लागतो, कोणी नुसता थकवा सांगतो, आणि काहींना तर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी काढलेल्या ईसीजीवरून प्रथमच कळते की आपले हृदय बेताल चालले आहे. अलिंदांचे आकुंचन थांबल्याने निलयांत भरणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा कमी होतो. ते एक नुकसान झाले. त्याहून भयंकर दुसरे. डाव्या अलिंदाला कानाच्या पाळीच्या आकाराची एक अरुंद पिशवी असते. अलिंद थरथरू लागला की या पिशवीत रक्त साचून राहते, साचलेल्या रक्ताची गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूच्या रोहिणीत अडकली म्हणजे क्षणात अर्धांगवायू. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या रहिवाशांवर दशकानुदशके नजर ठेवून जो अभ्यास झाला त्यात या विकाराने पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो असे आढळले. आणि झडपा निरोगी असलेल्या रुग्णांत अशा गुठळ्यांपैकी शेकडा नव्वदच्या आसपास याच पिशवीत सापडतात. शरीराला या पिशवीचा उपयोग बेताचाच. अपाय मात्र केवढा!

वैद्यक या विकाराची प्रतवारी मुदतीवरून करते. झटका येऊन सात दिवसांच्या आत आपोआप ओसरणारा, ही पहिली पायरी. सात दिवसांहून अधिक टिकणारा, ही दुसरी. आणि वर्षभराहून अधिक काळ अखंड चालणारा, ही तिसरी. आपला विषय मुख्यतः या तिसऱ्या पायरीचा, म्हणजे मुरलेल्या विकाराचा आहे. ‘मुरलेला’ हा शब्द येथे मी विचारपूर्वक योजतो. कारण हॉलंडमधील मास्ट्रिख्ट येथे मॉरिस अलेसी आणि त्यांचे सहकारी यांनी शेळ्यांवर जे प्रयोग करून १९९५ साली प्रसिद्ध केले, त्यांत एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. निरोगी शेळीच्या अलिंदात यंत्राने कंप उत्पन्न केला तर तो काही सेकंदांत आपोआप थांबे. परंतु थांबताच यंत्राने तो पुन्हा सुरू करावा, असा क्रम दिवसेंदिवस चालू ठेवल्यावर तोच कंप बाहेरच्या मदतीवाचून चोवीस तासांहून अधिक टिकू लागला. कंपच कंपाला पोसतो. मनुष्यात याच्या जोडीला वर्षांचा अवधी मिळतो. अलिंद ताणून मोठा होतो, त्याच्या स्नायूंत तंतुमय ऊतक माजते, विजेच्या वाटा तुटक होतात, आणि मग छातीवर विजेचा झटका देऊन ताल जागेवर आणला तरी तो थोड्या दिवसांत पुन्हा मोडतो, गोळ्यांचा अंमलही चालेनासा होतो. म्हणून या अवस्थेत बहुतेक डॉक्टर ताल परत आणण्याचा नाद सोडून ठोक्यांचा वेग आटोक्यात ठेवणे आणि रक्त पातळ राखणे एवढ्यावरच समाधान मानतात. हा निर्णय पुष्कळदा शहाणपणाचा असतो. नेहमीच असतो असे मात्र नाही.

शल्यवैद्य या क्षेत्रात शिरले ते दुसऱ्याच एका दाराने. काही मनुष्यांच्या हृदयात अलिंद आणि निलय यांना जोडणारा एक जादा स्नायुतंतू जन्मतःच असतो आणि त्यामुळे ठोके एकाएकी भरधाव सुटतात. १९६८ सालच्या मे महिन्यात अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठात विल सीली यांनी उत्तर कॅरोलिनातील एका कोळ्याच्या हृदयातील असा तंतू छेदून तो विकार समूळ घालविला, आणि तालाचा बिघाड सुरीने दुरुस्त होऊ शकतो हे प्रथमच सिद्ध झाले. अलिंदकंपात मात्र छेदावयाचा असा एकच तंतू नव्हता. याच ड्यूकमध्ये १९८० साली डावा अलिंद विजेच्या दृष्टीने उर्वरित हृदयापासून तोडून टाकण्याची शस्त्रक्रिया निघाली. पुढे जेरार गिरोदोँ यांनी १९८५ साली वरच्या पुंजक्यापासून सरहद्दीच्या गाठीपर्यंत स्नायूची एक चिंचोळी पट्टी राखून बाकीचे अलिंद वगळण्याची युक्ती काढली. दोहोंनी नाडी नियमित झाली; परंतु वगळलेला भाग आत थरथरतच राहिला, गुठळीचे भय टळले नाही, आणि अलिंदाचे आकुंचनही परत आले नाही. नाडी मोजणाऱ्याचे समाधान व्हावे आणि रुग्णाचा धोका जेथल्या तेथे राहावा, अशी ही तडजोड होती.

कॉक्स यांचे बुद्धिवैभव दिसते ते येथे. कंप टिकतो कसा, याचा विचार त्यांच्या पूर्वीच्या शास्त्रज्ञांनी करून ठेवला होता. इंग्लंडमधील जॉर्ज माइन्स यांनी १९१३ साली स्नायूच्या वलयात विजेची लहर गोल गोल फिरत ठेवून दाखविली. दुसऱ्याच वर्षी वॉल्टर गॅरी यांनी असे प्रतिपादिले की, कंप टिकण्यास स्नायूचे काही किमान क्षेत्र सलग असावे लागते, लहान तुकड्यात तो आपोआप विझतो. आणि १९६२ साली गॉर्डन मो यांनी अनेक भटक्या लहरी एकाच वेळी अलिंदात फिरत असतात असा सिद्धान्त मांडला. कॉक्स यांनी कुत्र्यांवर आणि शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रुग्णांवर विजेच्या वाटांचे नकाशे काढले, तेव्हा त्यांना दिसले की या भोवऱ्यांचा मुक्काम एका जागी नसतो आणि म्हणून त्यांचा पाठलाग करणे व्यर्थ आहे. मग त्यांनी प्रश्नच उलटा घातला: भोवरा कोठे आहे हे न पाहता, भोवरा कोठेच फिरू शकणार नाही अशी अलिंदाची वाटणी करता येईल काय? व्रणातून वीज वाहत नाही. तेव्हा व्रणांच्या रेषा अशा आखावयाच्या की, वरच्या पुंजक्याकडून निघालेल्या हुकुमाला सरहद्दीच्या गाठीपर्यंत एक सलग वाट राहावी, त्या वाटेला ठिकठिकाणी बंद बोळ फुटावेत म्हणजे अलिंदाच्या बहुतेक साऱ्या भागापर्यंत वीज पोहोचून तो आकुंचितही व्हावा, परंतु कोठेही लहरीला वळसा घालून आपल्याच शेपटावर येण्याइतकी मोकळी जागा मिळू नये. एक प्रवेश, एक निर्गम आणि मध्ये फसवे बोळ असलेल्या या रचनेला त्यांनी मेझ, म्हणजे भूलभुलैया, असे नाव दिले आणि तेच रूढ झाले.

या रेषांचा सारा नकाशा येथे देण्याचे कारण नाही. तरी मुख्य तपशील सांगितला पाहिजे. फुप्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या चार शिरा डाव्या अलिंदाच्या मागच्या भिंतीत उघडतात. त्या चोहींना वेढणारी एक रेषा, त्या वेढ्यापासून डावा अलिंद आणि डावा निलय यांच्यामधल्या मायट्रल झडपेच्या कड्यापर्यंत दुसरी, गुठळ्यांच्या त्या पिशवीपर्यंत तिसरी, आणि पिशवी स्वतः कापून काढलेली. उजव्या अलिंदात दोन महाशिरांच्या मुखांना जोडणारी एक उभी रेषा आणि त्रिदल झडपेकडे जाणाऱ्या आणखी काही. प्रत्येक रेषेचा शेवट दुसऱ्या रेषेवर किंवा जेथून वीज जातच नाही अशा झडपेच्या कड्यावर झाला पाहिजे, आणि प्रत्येक रेषा भिंतीच्या आतल्या अस्तरापासून बाहेरच्या आवरणापर्यंत आरपार गेली पाहिजे. यात हयगय चालत नाही. भाताच्या खाचराला चारी बाजूंनी बांध घालून एका कोपऱ्यात हातभर जागा उघडी ठेवली तर सगळे पाणी तेथूनच निघून जाते, तसे एखाद्या रेषेत दोन-तीन मिलिमीटरची फट राहिली की लहर त्यातून निसटून पुन्हा वळसा घालू लागते. किंबहुना अर्धवट काढलेली रेषा काही वेळा मुळीच न काढलेल्या रेषेहून वाईट, कारण तिच्याभोवती नवाच भोवरा जन्मास येतो.

पहिल्या आवृत्तीत दोष निघाले. वरच्या पुंजक्याच्या आसपास छेद गेल्यामुळे कित्येक रुग्णांच्या हृदयाला श्रमाच्या वेळी वेग वाढविता येईना, आणि डाव्या अलिंदाचे आकुंचनही मंदच राहिले. दुसरी आवृत्ती करावयास फार अवघड ठरली. १९९२ सालापासून तिसरी आवृत्ती चालू झाली आणि तीच या शस्त्रक्रियेचा आदर्श मानली गेली. तिच्या यशाचे जे आकडे त्या काळी प्रसिद्ध झाले ते शेकडा नव्वदच्या वर होते. पुढे काही जणांनी अशी शंका घेतली, आणि ती रास्त होती, की त्या वेळचा हिशेब रुग्णाच्या तक्रारींवर व प्रसंगोपात्त काढलेल्या ईसीजीवर बसविलेला होता, दिवसरात्र ताल टिपणारी आजची साधने वापरली असती तर आकडे खाली आले असते. ही शंका मान्य करूनही एक गोष्ट उरते, आणि माझ्या मते तीच अधिक वजनदार आहे: तीनशेहून अधिक रुग्णांचा अकरा वर्षांवर जो मागोवा घेतला गेला त्यात शस्त्रक्रियेनंतरच्या काळात उशिरा आलेला पक्षाघात केवळ एक, आणि तोही सौम्य, असा नोंदला गेला. पक्षाघात चोवीस तासांच्या यंत्राने मोजावा लागत नाही. तो घरच्यांना दिसतो.

असे असूनही ही शस्त्रक्रिया थोड्याच हातांपुरती राहिली. हृदय थांबवून, हृदय-फुप्फुस यंत्रावर रुग्णाचा जीव सोपवून, एवढे छेद घ्यावयाचे आणि एवढ्या लांबीची शिवण रक्त न गळता घालावयाची, हे सर्वसामान्य शल्यवैद्याच्या छातीचे काम नव्हते. या अडचणीचा उलगडा झाला तो सुरी बाजूला ठेवल्यावर. व्रण हवा असेल तर कापलेच पाहिजे असे थोडेच आहे? भाजल्यानेही व्रण होतो, गोठविल्यानेही होतो. रेडिओलहरींनी स्नायू पन्नास अंश सेल्सियसच्या वर काही काळ तापविला की त्याच्या पेशी कायमच्या मरतात. उलट नायट्रस ऑक्साइड किंवा आर्गॉन वायूने थंड केलेली सळई शून्याखाली साठ अंश आणि त्याहूनही खाली नेऊन टेकविली तर पेशी फुटतात, पण झडपेचा कणखर सांगाडा शाबूत राहतो, म्हणून झडपांच्या कड्यांजवळ गोठविण्याची रीत अधिक भरवशाची. सेंट लुईस येथेच राल्फ डॅमियानो यांनी २००२ सालापासून दोन जबड्यांचा चिमटा वापरण्यास आरंभ केला. अलिंदाची भिंत त्या दोन जबड्यांत धरावयाची, मधून रेडिओलहरी सोडावयाच्या, आणि भिंतीचा विद्युत्‌विरोध बदलला की व्रण आरपार झाल्याचा दाखला यंत्रच देते. ही चौथी आवृत्ती. तासाभराची शिवण त्यामुळे काही मिनिटांच्या भाजण्यावर आली. मायक्रोवेव्ह आणि ध्वनिलहरी यांचीही साधने मध्यंतरी निघाली होती; त्यांचे व्रण आरपार जात नाहीत असे दिसून आल्यावर ती मागे पडली, आणि ते बरेच झाले.

या घडामोडी चालू असतानाच १९९८ साली फ्रान्समधील बोर्डो येथून मिशेल ऐसागेर यांनी एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. झटक्याझटक्याने येणाऱ्या अलिंदकंपाच्या ४५ रुग्णांत कंप पेटविणारी ठिणगी कोठून येते याचा त्यांनी तपास केला, तेव्हा शेकडा ९४ ठिणग्या त्या चार फुप्फुसशिरांच्या मुखातूनच येतात असे निघाले. तेव्हापासून मांडीच्या शिरेतून हृदयापर्यंत तार नेऊन त्या मुखांभोवती व्रण करण्याची पद्धत जगभर पसरली. छाती उघडावी लागत नाही, रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो, आणि पहिल्या पायरीच्या विकारात तिचा गुण चांगला येतो. परंतु मुरलेल्या विकारात ठिणगी विझवून भागत नाही. तेथे सारे रानच वाळलेले असते. आणि तारेच्या टोकाने एकेक ठिपका भाजत भिंतीवर लांब रेषा ओढावयाची, तीही धावत्या हृदयात, जेथे आतून वाहणारे रक्त भिंतीला अखंड थंड करीत असते, म्हणजे फट राहणारच. म्हणूनच वर्षानुवर्षे चाललेल्या कंपात, विशेषतः अलिंदाचा व्यास पाच सेंटिमीटरच्या पलीकडे गेला असेल तर, शल्यवैद्याच्या सलग रेषेचे महत्त्व आजही कमी झालेले नाही. मात्र इतका ताणलेला अलिंद त्याच्याही यशाला उणेपणा आणतो, हे सांगितले पाहिजे.

ज्या रुग्णाची मायट्रल झडप दुरुस्त करण्यासाठी वा बदलण्यासाठी छाती उघडावयाचीच आहे, त्याच्या बाबतीत प्रश्न सोपा होतो. कारण अलिंद उघडलेलाच असतो आणि रेषांसाठी थोडाच जादा वेळ लागतो. अशाच २६० रुग्णांवर अमेरिका व कॅनडातील शल्यवैद्यांनी केलेली तुलना २०१५ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांची केवळ झडपेची शस्त्रक्रिया केली, निम्म्यांना तिच्या जोडीला व्रणरेषाही दिल्या. सहा महिन्यांनी आणि वर्षाने, अशा दोन्ही वेळी तीन-तीन दिवस सलग ताल टिपला, तेव्हा रेषा मिळालेल्यांपैकी शेकडा ६३ जण कंपमुक्त होते, न मिळालेल्यांपैकी शेकडा २९. मात्र वर्षभरातील मृत्यूंत फरक दिसला नाही, आणि रेषा मिळालेल्यांत कायमचा पेसमेकर बसविण्याची पाळी अडीचपटीहून अधिक वेळा आली. या शेवटच्या गोष्टीची वाच्यता शस्त्रक्रियेपूर्वी होत नाही, हे मला खटकते. पेसमेकर लागतो तो काही अंशी छेदांमुळे आणि काही अंशी अशामुळे की, वर्षानुवर्षे कंपाच्या गोंगाटात दडून राहिलेला वरच्या पुंजक्याचा अशक्तपणा कंप थांबताच उघडा पडतो. कारण काहीही असो, रुग्णाला ते आधी कळले पाहिजे.

पिशवीचा निवाडा अधिक स्वच्छ लागला. कॅनडातील हॅमिल्टन येथून चालविलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या परीक्षणात, अन्य कारणाने हृदयशस्त्रक्रिया होणाऱ्या आणि अलिंदकंप असलेल्या पावणेपाच हजारांहून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांची ती पिशवी बंद केली; सरासरी पावणेचार वर्षांत पिशवी बंद केलेल्यांपैकी शेकडा ४.८ जणांना आणि बाकीच्यांपैकी शेकडा ७ जणांना पक्षाघात किंवा तत्सम अडथळा झाला, आणि यांतील बहुतेक जण रक्त पातळ करणारी गोळी घेतच होते. चार-दोन मिनिटांच्या कामाला एवढे फळ शल्यशास्त्रात सहसा लागत नाही.

ज्यांची झडप चांगली आहे आणि नुसता मुरलेला कंपच छळतो आहे त्यांच्यासाठी छाती न उघडता, बरगड्यांमधल्या भोकांतून दुर्बीण घालून धडधडत्या हृदयावर चिमटा लावण्याची रीत निघाली आहे. दुसऱ्या एका रीतीत छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाशी लहान छेद घेऊन शल्यवैद्य बाहेरून मागची भिंत भाजतो आणि नंतर हृदयतज्ज्ञ आतून तारेने राहिलेल्या फटी बुजवितो. या दुहेरी पद्धतीची नुसत्या तारेशी १५३ रुग्णांत तुलना झाली, तीत वर्षाअखेर शेकडा ६८ विरुद्ध ५० असा कौल मिळाला, आणि २०२१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वर्षाहून जुन्या कंपासाठी तिला परवानगी दिली. धोके येथेही आहेत. अन्ननलिका डाव्या अलिंदाला पाठीमागून अगदी चिकटून जाते; तिला उष्णता लागून भोक पडले तर तो प्रसंग बहुधा प्राणघातकच.

आता आपल्याकडचा विचार. पाश्चात्य देशांत अलिंदकंप हा बहुतांशी म्हातारपणाचा, रक्तदाबाचा आणि स्थूलतेचा सोबती आहे. आपल्या देशात तो त्या वाटेने येतोच, परंतु त्याखेरीज एक जुनी वाट अद्याप बुजलेली नाही. लहानपणी घसा दुखतो, दुर्लक्ष होते, काहींना त्यातून सांधेदुखीचा ताप येतो, आणि तो ताप मायट्रल झडपेला हळूहळू आवळीत जातो. मग तिशी-पस्तिशीच्या बाईला, कधी तर बाळंतपणाच्या दिवसांत, प्रथमच कळते की आपले हृदय मोठे झाले आहे आणि नाडी बेताल आहे. अशा रुग्णाचा अलिंद तापाच्या मूळ दाहानेच जागोजाग तंतुमय झालेला असतो. गुठळ्याही पिशवीपुरत्या मर्यादित न राहता अलिंदाच्या मुख्य पोकळीत पुष्कळदा सापडतात. अर्थातच पिशवी बंद करून निश्चिंत होता येत नाही, आणि व्रणरेषांचे यशही पाश्चात्य आकड्यांवरून गृहीत धरू नये. झडपेच्या जागी धातूची झडप बसवावी लागली तर ताल परत आला तरी रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनची गोळी आणि रक्ताची नियमित तपासणी जन्मभर सुटत नाही. एवढेच नव्हे, तर सांधेदुखीच्या तापाने आवळलेली झडप आणि अलिंदकंप असा जोड असेल तेथे तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळीपेक्षा जुने वॉरफॅरिनच श्रेयस्कर, असा निष्कर्ष साडेचार हजार रुग्णांच्या परीक्षणातून २०२२ साली निघाला. ज्या गावाहून तपासणीसाठी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून एस.टी.ने तालुक्याला जावे लागते, तेथे या निष्कर्षाचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको. उलट झडप दुरुस्त होऊ शकली अथवा प्राणिज ऊतकाची बसविली, तर मात्र त्याच वेळी ताल परत मिळविण्याचा प्रयत्न करण्यात मोठाच लाभ संभवतो. माझा आक्षेप आहे तो याला, की हा विचार पुष्कळ ठिकाणी होतच नाही. झडपेचे काम झाले, ताल राहिला, असे मानून रुग्णाला घरी पाठविले जाते, आणि उघडलेला अलिंद पुन्हा उघडण्याची संधी सहसा दुसऱ्यांदा येत नाही. अमेरिकेतील वक्षशल्यवैद्यांच्या संस्थेने २०१७ सालीच मायट्रल शस्त्रक्रियेच्या जोडीला व्रणरेषा देण्याची स्पष्ट शिफारस केली आहे.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे त्या दिवसापासून ताल स्थिर झाला अशी कोणी समजूत करून घेऊ नये. पहिले तीन महिने व्रण पिकत असतात, भिंतीला सूज असते, आणि या काळात कंपाचे झटके येणे इतके साहजिक आहे की डॉक्टर ते अपयशाच्या हिशेबात धरीतच नाहीत. अलिंदातून स्रवणारे, लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर टाकविणारे एक संप्रेरक छेदांमुळे तात्पुरते घटते, म्हणून आरंभी पायांवर सूज येते व पाणी काढणाऱ्या गोळ्या द्याव्या लागतात. ताल राखणाऱ्या गोळ्याही काही महिने चालतात, आणि त्या कधी थांबवावयाच्या हे दिवसरात्रीच्या आलेखावरून ठरते.

तेव्हा ज्यांच्या घरी कोणाची मायट्रल शस्त्रक्रिया ठरली असेल आणि नाडी बेताल असेल, त्यांनी कागदावर सही करण्यापूर्वी शल्यवैद्याला इतके अवश्य विचारावे: कंप किती वर्षांचा आहे आणि इकोत अलिंद केवढा दिसतो; झडपेबरोबर व्रणरेषा देणार काय, नसल्यास का नाही; पिशवी बंद करणार काय; आणि पेसमेकर लागण्याचा संभव कितपत आहे. हे विचारण्यात अविनय नाही, आणि चांगला शल्यवैद्य त्याने रागावत नाही. मात्र शस्त्रक्रियेनंतर छातीतली धडधड थांबली, नाडी सरळ झाली, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी कोणीही आपल्या अखत्यारीत बंद करू नये.